नाव कोणाचे, काम कोणाचे?



समुद्राच्या तळाविषयी बोलायला कामगार चळवळीतला माणूस कसा उभा राहिला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर जे मिळाले तेच माझे शिक्षण. परंतु घाम कोणी गाळला आणि नाव कोणाचे लागले, हा आमचा रोजचा प्रश्न आहे. तोच प्रश्न विद्वानांच्या घरीही आहे, हे आज एका बाईंच्या चरित्रावरून मला सांगावयाचे आहे.

प्रथम विद्वानांचा हिशेब समजून घेऊ. शास्त्रज्ञ निबंध लिहितो तेव्हा आधीच्या ज्या निबंधांचा आधार घेतला त्यांची यादी शेवटी देतो. कोणाचा आधार किती जणांनी घेतला हे मोजावे, ही कल्पना अमेरिकेत युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली मांडली आणि १९६४ साली तशी सूची छापून निघाली. पुढे २००५ साली हिर्श नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने एकच आकडा सुचविला. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी निदान दहा वेळा आधार घेतला गेला, पण अकरा निबंधांचा अकरा-अकरा वेळा नाही, त्याचा आकडा दहा. आज जगभर नोकऱ्या, बढत्या आणि अनुदाने ठरविताना असले आकडे पाहिले जातात.

आता मेरी थार्पबाईंकडे वळू. जन्म अमेरिकेतला, १९२० चा. वडील जमिनीची पाहणी करून मातीचे नकाशे काढीत. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, वर्ग ओस पडले, म्हणून मिशिगन विद्यापीठात मुलींना भूशास्त्राचे दार उघडले. त्यातून थार्पबाई आत आल्या. १९४८ साली त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मॉरिस युइंग यांच्याकडे कामाला लागल्या. काम आकडेमोडीचे आणि आलेखनाचे. ब्रूस हीझेन आणि इतर पुरुष बोटीवर जात, आवाज तळाशी पाठवून प्रतिध्वनीवरून खोली मोजीत. बाईमाणसाला त्या काळी बोटीवर प्रवेश नव्हता. बाई टेबलाशी बसून हजारो आकडे कागदावर उतरवीत.

१९५२ साली उत्तर अटलांटिकचे सहा छेद एकाखाली एक मांडताना त्यांना दिसले की, महासागराच्या मधोमध जी पर्वतांची रांग आहे, तिच्या माथ्यावर एक खोल चीर सर्वत्र जुळते आहे. म्हणजे जमीन तेथे दुभंगत आहे! खंड सरकतात हे म्हणणे त्या वेळी अमेरिकेत हास्यास्पद मानीत. हीझेन यांनी ही बायकी बडबड म्हणून बाजूला सारली. परंतु त्याच खोलीत हॉवर्ड फॉस्टर हे सहकारी भूकंपाची ठिकाणे नकाशावर टिपत होते. दोन्ही नकाशे जुळवले, तो भूकंपाचे ठिपके नेमके त्या चिरेत पडले. मग हीझेन यांनाही मान्य करावे लागले.

पुढे १९५६ साली युइंग आणि हीझेन यांनी जगभर पसरलेल्या या दरीची वार्ता विद्वानांपुढे ठेवली. त्यात थार्पबाईंचे नाव नव्हते. नकाशांवर मात्र ते आले: १९५७ चा उत्तर अटलांटिक, नंतर ज्यात आपला अरबी समुद्रही येतो तो हिंदी महासागर, आणि १९७७ चा साऱ्या जगाच्या सागरतळाचा नकाशा. मध्यंतरी युइंग आणि हीझेन यांचे बिनसले. झळ बाईंना लागली, प्रयोगशाळेतली जागा गेली आणि त्या घरी बसून नकाशे काढीत राहिल्या. १९९७ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने विसाव्या शतकातील थोर नकाशाकारांत त्यांची गणना केली. २००६ साली त्या वारल्या.

आता सांगा, हे काम कोणत्या आकड्यात बसवाल? निबंधाचा आधार घेतला तर एकाची भर पडते. भिंतीवरच्या नकाशाकडे पाहून ज्याला पृथ्वी नव्याने समजली, त्याची नोंद कोठे होते? आणि ज्या निबंधावर नावच नाही, त्याचे हजार वेळा आधार घेतले तरी बाईंच्या खात्यावर शून्यच!

म्हणून मोजणीच नको, असे मात्र मी म्हणणार नाही. हजेरीपट नसेल तर मजुराने पगार कशाच्या बळावर मागावा? मोजणी नव्हती तेव्हा वशिला होता, आणि वशिल्यापेक्षा आकडा बरा. तक्रार निराळी आहे. कारखान्यात माल काढणारा कंत्राटी कामगार कंपनीच्या हजेरीपटावर नसतो. म्हणून त्याने काम केलेच नाही असे ठरते काय? दोष हजेरीपटावर कोणाचे नाव चढवायचे हे ठरविणाराचा असतो.

विद्वानांनाही हे उमगू लागले आहे. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या काही संपादकांनी, नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाची किंमत करू नये, असा जाहीरनामा सिद्ध केला. कित्येक नियतकालिके आता कोणी मोजले, कोणी मांडले, कोणी लिहिले, हे वेगवेगळे छापतात. हा मार्ग योग्य आहे.

आपण श्रोते शास्त्रज्ञ नसू. पण एखाद्या शोधाची बातमी वाचाल तेव्हा एवढे जरूर विचारा: मोजमापे कोणी घेतली? नकाशा कोणी काढला? जो समाज हा प्रश्न प्रयोगशाळेत विचारतो, त्याला तो कारखान्याच्या फाटकावरही विचारावा लागेल. त्या दिवसाची आम्ही वाट पाहत आहोत.