बुवाऽऽ कुक!



पदर तोंडावर घ्यायचा, ‘बुवाऽऽ’ म्हणायचं, जरा थांबायचं आणि पदर झटकन खाली करून ‘कुक!’ समोरचं बाळ आधी टकामका बघतं, मग बोळकं पसरून खुदकन हसतं. ते हसलं की आपल्यालाही हसू फुटतं. आता पदराच्या जागी ओढणी आली, बाबाचा टॉवेल आला. खेळ तोच राहिला.

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे चार्ल्स डार्विनही हा खेळ खेळले होते. त्यांचा थोरला मुलगा १८३९ साली जन्मला. त्याच्याविषयीची टिपणं त्यांनी जपून ठेवली आणि १८७७ मध्ये त्यांवर ‘माइंड’ या नियतकालिकात लेख लिहिला. मूल ११० दिवसांचं असताना त्याच्या तोंडावर कपडा टाकून एकदम काढला की त्याला भारी गंमत वाटे, अशी त्यात नोंद आहे. बापानं स्वतःचं झाकलेलं तोंड उघडून जवळ नेलं, तरीही तितकीच. एवढा मोठा शास्त्रज्ञ पाळण्यापाशी वाकून तोंड झाकतोय, हे चित्र मला फार आवडतं.

दीड-दोन महिन्यांचं बाळ आपल्याकडे बघून हसू लागतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्या हसण्याला आवाज फुटतो. शब्द यायला अजून कितीतरी अवकाश असतो, पण गप्पा सुरू झालेल्या असतात. आणि त्या गप्पा विश्वासावर चालतात. आईचा चेहरा दिसेनासा होणं ही बाळाच्या लेखी लहान गोष्ट नाही. पदराआडून तोच चेहरा परत येतो, म्हणून हसू येतं. तिथे अनोळखी माणूस डोकावला तर ओठ काढून रडणंही ऐकू येऊ शकतं. हसू आणि रडू यांच्यामध्ये तिथे केसाएवढं अंतर असतं.

गुदगुल्यांचंही तसंच. स्वतःला गुदगुल्या करून पाहा, हसू येत नाही, कारण आपला हात कुठे लागणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. गुदगुल्यांना दुसरं माणूसच लागतं. माझ्या लेकीच्या तळव्यावरून दोन बोटं चालत चालत काखेकडे निघाली की ती कोपरापाशीच खांदे कानाला लावून खिदळायची. बोट अजून पोचलेलंही नसायचं! पण एक सांगते, आणि कळकळीनं सांगते. गुदगुल्यांचं हसू आवरता येत नाही. मूल हसतंय म्हणजे त्याला हवंच आहे, असं धरू नका. त्यानं मान वळवली, हात ढकलला, अंग आखडलं, की तिथेच थांबा. थांबलात तर ते स्वतःच हात पुढे करील, ‘अजून’ म्हणून. नाही केला, तर खेळ संपला.

आपण मुलाला हसवतो, असं आपण धरून चालतो. पण मूलही आपल्याला हसवत असतं. पोर्ट्समथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ वासुदेवी रेड्डी यांनी तान्ह्या मुलांच्या खोड्यांचा बारकाईनं अभ्यास केला. वर्षाच्या आतलं मूलसुद्धा वस्तू पुढे करतं आणि आपण घ्यायला गेलो की हात मागे घेतं. मुद्दाम! आणि तेव्हा ते आपल्या तोंडाकडे बघत असतं.

हे मी वाचलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. लेक अकरा महिन्यांची होती. ऑफिसातून आले होते, पाय दुखत होते, मांडीवर घेऊन तिला मऊ भात भरवत होते. तिनं माझ्या हातातला चमचा ओढून घेतला आणि माझ्या तोंडापुढे धरला. मी ‘आऽऽ’ केलं. चमचा झर्रकन मागे. अर्धा भात तिच्या झबल्यावर. ‘नीट जेव गं’ असं तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात लक्ष गेलं, ती भाताकडे बघतच नव्हती, माझ्या डोळ्यांकडे बघत होती. श्वास रोखून. पुन्हा चमचा पुढे, पुन्हा मी ‘आऽऽ’, पुन्हा मागे. मला हसू फुटलं. मी हसले म्हणून ती हसली, आणि ती हसली म्हणून मी. दोघींच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पाचव्या की सहाव्या खेपेला तिनं चमचा खरंच माझ्या तोंडात घातला. भात पार गार झाला होता.