स्वमग्न लेंकरें आणि घरचें शिक्षण
(ज्युबिलीनिमित्त भूम येथें दिलेलें भाषण)



आज मला आईबापांशीं एका अवघड विषयावर बोलावयाचें आहे. मूल तीन वर्षांचें होतें, तरी हांकेस वळत नाहीं, नजरेस नजर देत नाहीं, एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसतें. शेजारीण म्हणते, मुलगे उशिरांच बोलतात. आजी दृष्ट काढते. कोणी वांद्र्याच्या मोत माउलीस मेणाचें बाहुलें वाहण्याचा नवस बोलतो. नवसास माझी ना नाहीं. परंतु नुसती वाट पाहण्यांत जीं वर्षें जातात, तींच शिकविण्यास फार मोलाचीं असतात.

या अवस्थेस स्वमग्नता म्हणतात. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अशा अकरा मुलांचें वर्णन केलें. पुढें कित्येक वर्षें आईच्या थंड स्वभावास दोष दिला गेला. शास्त्रानें तें मत केव्हांच टाकिलें. आपल्या घरांतल्या सुना मात्र तें अजून ऐकतात. हें कोणाच्या पापाचें फळ, असें मला विचारितात. कोणाच्याही नाहीं!

स्वमग्नता समूळ घालविणारें औषध नाहीं. तसें सांगून पैसे मागणाऱ्यास दारांतूनच परत पाठवावें. मग गुण कशानें येतो? याची एक चांगली परीक्षा आपल्या शेजारीं गोव्यांत, ‘संगाथ’ संस्थेंत, व पाकिस्तानांत रावळपिंडीस झाली. निष्कर्ष २०१६ सालीं छापून आले. मुलें ६५, वयें दोन ते नऊ. इंग्लंडांतील पद्धत इकडच्या घरांस साजेशी करून घेतली होती. शिकविणारे तज्ज्ञ नव्हते, तयार केलेले साधे कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत बारा भेटी. आई मुलाशीं खेळे, त्याचें चित्रण होई, आणि मग दोघें तें पाहत: येथें मूल तुमच्याकडे वळलें होतें, येथें थोडें थांबावयास हवें होतें. आईबाप मुलाच्या कलानें बोलूं लागले, आणि मुलें आपण होऊन अधिक वेळां संवाद सुरू करूं लागलीं. सर्वच सुधारलें असें नाहीं. दोघांचें लक्ष एकत्र राहण्याचा वेळ उलट घटला.

पुण्यामुंबईस वारंवार जाणें ज्यांस परवडत नाहीं, त्यांस यांत आशा आहे. आपल्या भरल्या घरांत मुलानें मागण्याआधींच आजी पेला पुढें करिते. तो पेला क्षणभर हातांत धरावा. मूल पाहील, बोट करील, मग द्यावा.

२०१६ च्या कायद्यानें स्वमग्नता अपंगत्वांत गणली आहे व सरकारी दाखला मिळतो. अर्ज भरावयास मदत हवी असेल त्यांनीं संध्याकाळीं माझ्याकडे यावें. मुलासही आणावें, त्यानें गोंगाट केला तरी चालेल.