गिऱ्हाइकाचं नाव कोणाच्या वहीत?

(माहुल येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात ‘माझा व्यवसाय’ या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आदरणीय सर, बाई, आणि एका बाकावर चौघं दाटीवाटीने बसणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला सांगितलं, “तू मोटारींच्या शोरूममध्ये आहेस, गाडी घेताना काय बघावं यावर बोल.” ते मी जेवताना सांगेन, ज्याला हवं त्याला. पंधरा मिनिटं मिळाली आहेत, तर मला ज्याचा रोज घोर असतो त्यावर बोलतो. गाडी विकली, हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. गाडी गेली. शोरूमकडे मागे काय राहतं? गाडी घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, पॅन, त्याचा विमा कधी संपतो, सर्व्हिसिंग कधी आहे, मागच्या वेळी त्याने कशाबद्दल तक्रार केली. हे सगळं कोणाचं?

आपल्या गावातल्या किराणा दुकानदाराची उधारीची वही आठवा. गल्ल्याखाली असायची, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात आपल्या प्रत्येकाच्या घरची कुंडली होती. ती वही दुकानदार दुसऱ्याच्या हातात देत नसे. आणि बंदरावरून टोपली घेऊन दारोदार जाणाऱ्या आपल्या आया-मावश्यांना तर वहीही लागत नव्हती. कोणत्या घरी कोणत्या वारी बोंबील चालतात, कोण सुटे पैसे देत नाही, सगळं डोक्यात. ते डोकं भाड्याने घ्यायची सोय नव्हती, म्हणून गिऱ्हाईकही कोणी पळवू शकत नव्हतं.

आज माझ्या धंद्यातली वही दुसऱ्याच्या कपाटात आहे, आणि बहुतेक ठिकाणी कपाटाची किल्लीही त्याच्याचकडे आहे. गाडी बनवणारी कंपनी डीलरला सांगते, अमुक सॉफ्टवेअर वापरा. त्याला आम्ही डीएमएस म्हणतो. चौकशीला आलेला माणूस, टेस्ट ड्राइव्ह, बुकिंग, आरटीओचे फॉर्म २०, २१, २२, नंतरची जॉब कार्डं, सगळं त्यात जातं. शिवाय मेसेज पाठवणारी कंपनी वेगळी, फोन करून “सर्व्हिस कशी वाटली?” विचारणारी वेगळी, विम्याचं नूतनीकरण बघणारी वेगळी. या प्रत्येकाकडे त्या वहीची एकेक नक्कल असते. नव्या गाडीवर डीलरला सुटतं ते फार नसतं. तो तगतो सर्व्हिसिंग, विमा, जुन्या गाडीची अदलाबदल यांवर. म्हणजे तो तगतो त्या वहीवर.

आता आमच्याकडचा किस्सा. मी मालक नाही, ग्राहक विभाग बघतो. गिऱ्हाइकांचा पाठपुरावा ठेवायला आमच्या मालकांनी एका सॉफ्टवेअर कंपनीची सेवा घेतली होती. चार वर्षांनी भाडं इतकं वाढलं की बदलायचं ठरलं. मी पत्र लिहिलं, “आमचा डेटा परत द्या.” उत्तर आलं, देऊ, पण डेटा काढून देण्याचं शुल्क पडेल. आकडा बघून मालक म्हणाले, “आपलीच वही आपण विकत घ्यायची?” शेवटी काय आलं, तर नाव आणि मोबाइल नंबर एवढे दोन रकाने. कोणाला कधी फोन केला, कोण काय बोललं, कोणाच्या गाडीचा कोणता भाग कधी बदलला, यातलं काही नाही. करारपत्र काढलं. अडतीस पानं. त्यात एका ओळीत लिहिलेलं होतं की डेटा कंपनीला योग्य वाटेल त्या स्वरूपात दिला जाईल. त्यांना दोन रकाने योग्य वाटले.

वाचलो ते कागदामुळे. जुनी कागदी जॉब कार्डं वर्कशॉपच्या माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलेली होती. आमच्या काउंटरवरच्या तीन मुलींनी दोन महिने बसून ती भरून काढली. धूळ इतकी, की तिघी तोंडाला ओढणी बांधून बसायच्या. पुढे काही गिऱ्हाइकांचे मला फोन आले, “अहो, माझा विमा संपायला महिना आहे हे या एजंटला कसं कळलं?” माहिती कुठून गेली हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून कोणावर आरोप करत नाही. पण गिऱ्हाईक त्या एजंटला विचारत नाही, मला विचारतं. त्याने पॅन कार्डाची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवलेली असते.

तुम्ही म्हणाल, एका शोरूमची रड काय ऐकायची? तर हे आमच्यापुरतं नाही. अमेरिकेत याच कारणावरून डीलर आणि सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली आहे. ॲरिझोना राज्याने २०१९ मध्ये कायदाच केला, की डीलरला स्वतःचा डेटा मिळण्यात सॉफ्टवेअर कंपनीने आडकाठी करायची नाही, आणि डीलरने नेमलेल्या तिसऱ्या माणसाला अडवायचं नाही. सीडीके आणि रेनॉल्ड्स या दोन बड्या कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं, सॉफ्टवेअर आमचं आहे, परक्याला आत का येऊ द्यायचं? २०२१ मध्ये अपील न्यायालयाने कायद्याला स्थगिती द्यायला नकार दिला. पुढे जून २०२४ मध्ये त्याच सीडीकेवर सायबर हल्ला झाला आणि तिकडचे सुमारे १५,००० डीलर एकदम आंधळे झाले. जवळजवळ दोन आठवडे लोक कागदावर बिलं लिहीत होते. ती बातमी वाचताना मला आमचा माळा आठवला.

आपल्याकडचं बघा. ऑक्टोबर २०२१ मध्ये मर्सिडीज-बेंझने भारतात विक्रीची पद्धतच बदलली. त्यांचा कारखाना चाकणला. आधी डीलर कंपनीकडून गाड्या विकत घ्यायचा आणि आपल्या नावाने विकायचा. नव्या पद्धतीत गाड्यांचा साठा कंपनीचा, देशभर किंमत एक, आणि बिल थेट कंपनीच्या नावाने. डीलर गाडी दाखवतो, हातात देतो, पुढची सेवा देतो आणि मोबदला घेतो. यात फायदेही आहेत. साठ्यात पैसा अडकत नाही, शेजारच्या डीलरशी सवलतीची मारामारी नाही. पण बिलावर कंपनीचं नाव आलं, की गिऱ्हाईक कोणाचं, या प्रश्नाचं उत्तर बिलावरच छापलेलं असतं.

आणि कंपनीच गेली तर? जनरल मोटर्सने २०१७ मध्ये इथली विक्री बंद केली, त्यांचा एक कारखाना आपल्या तळेगावला होता. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. गाड्या रस्त्यावर राहिल्या, गिऱ्हाइकं राहिली, डीलर मात्र एका रात्रीत दुसरं काहीतरी शोधायला लागले. अशा वेळी ज्याच्याकडे स्वतःची वही आहे तो निदान जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून सांगू शकतो, “साहेब, मी इथेच आहे, गाडी घेऊन या.”

एका बाबतीत मात्र कंपन्यांचं म्हणणं मला पटतं. ब्रेकमध्ये दोष निघाला तर गाडीवाल्यापर्यंत आठवड्यात पोचावं लागतं, आणि तेव्हा डीलर वही दाबून बसला तर माणूस मरेल. त्यामुळे कंपनीला काहीच देऊ नये असं मी म्हणणार नाही. आम्ही डीलर लोकही काही संत नाही. सेल्समन नोकरी सोडतो तेव्हा मोबाइलमध्ये चारशे नंबर घेऊन जातो, आणि समोरच्या शोरूममध्ये त्या नंबरांसकट त्याचं स्वागत होतं.

सरकारनेही हात धुऊन घेतले होते. २०१९ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने देशातल्या नोंदणीकृत वाहनांची माहिती घाऊक विकायचं धोरण आणलं. व्यापारी संस्थेला वर्षाला ३ कोटी रुपये, शिक्षण-संशोधन संस्थेला ५ लाख. वेगवेगळी माहिती जुळवून माणूस ओळखता येऊ शकतो, ही शक्यता त्या धोरणातच मान्य केली होती. वाहन आणि सारथी या नोंदी ८७ खाजगी आणि ३२ सरकारी संस्थांना खुल्या केल्या आहेत आणि त्यातून ६५ कोटी मिळाले, असं त्याच वर्षी जुलैत राज्यसभेत सांगण्यात आलं. खाजगीपणाच्या कारणावरून जून २०२० मध्ये ते धोरण रद्द झालं. गाडी घेताना आपण आरटीओचा फॉर्म भरला तो नंबर प्लेटसाठी, विक्रीला ठेवण्यासाठी नव्हे.

इथे मला आपल्या शाळेचं जनरल रजिस्टर आठवतं. ऑफिसातलं ते जाडजूड, ज्यातून शाळा सोडल्याचा दाखला निघतो. त्यातलं नाव माझं, जन्मतारीख माझी. रजिस्टर शाळेचं, सांभाळायची जबाबदारी शाळेची. आणि पाठ फाटली की ते बाइंडरकडे जातं. बाइंडरने शिवून दिलं म्हणून ते बाइंडरचं होत नाही, आणि त्याने त्याच्या झेरॉक्स काढून क्लासवाल्यांना विकल्या तर हेडसर गप्प बसणार नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने साधारण हीच तीन माणसं वेगळी केली आहेत. ज्याची माहिती तो. ती कशासाठी वापरायची हे ठरवणारा. आणि त्याच्या सांगण्यावरून काम करणारा. ‘मालक’ हा शब्द तिघांपैकी कोणालाच लावलेला नाही. दुसऱ्याने, म्हणजे आमच्यासारख्याने, तिसऱ्याला काम द्यायचं तर रीतसर करार हवा, आणि तिसऱ्याच्या हातून माहिती फुटली तरी जाब दुसऱ्यालाच द्यायचा. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी लागू होतात.

जानेवारी २०२३ मध्ये टोयोटा किर्लोस्करने जाहीर केलं होतं, की त्यांच्या एका सेवा पुरवठादाराकडून काही ग्राहकांची माहिती उघड झाली असण्याची शक्यता आहे. पुरवठादाराचं नाव आज कोणाला आठवतं? लोकांच्या लक्षात टोयोटा राहिली. म्हणून मी मालकांना सांगतो, “डेटा आमचा” असं ओरडण्यापेक्षा “डेटा आमच्या जबाबदारीचा” असं म्हणा, मग करारात काय लिहायचं ते आपोआप सुचतं.

नव्या कंपनीशी करार करताना मी ते लिहून घेतलं. दर महिन्याला सगळ्या नोंदींची, नुसत्या नावांची नव्हे, पूर्ण प्रत आमच्या डिस्कवर आली पाहिजे, साध्या तक्त्यात उघडेल अशी. करार संपला की तीस दिवसांत सगळं परत, फुकट, आणि त्यांच्याकडचं पुसल्याचं लेखी पत्र. आमच्या गिऱ्हाइकाची माहिती दुसऱ्या कोणासाठी वापरायची नाही. कोणी, कधी, काय उतरवून घेतलं याची नोंद आम्हाला दिसली पाहिजे. त्यांचा माणूस म्हणाला, “सर, असं कोणी मागत नाही.” मी म्हटलं, “आम्ही मागतोय.” दोन आठवडे घासाघीस झाली, पण सही केली. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या करारात मात्र एक स्वल्पविरामही बदलता येत नाही, एकटा डीलर तिथे फार छोटा असतो. ते काम संघटनेचं आहे. डीलरांची फाडा ही संघटना १९६४ पासून आहे, आणि हा विषय तिने लावून धरावा असं माझं मत आहे.

आता घरची गोष्ट. तुमच्यापैकी कोणाचं मेडिकल आहे, कोणाचा क्लास, कोणाचं गॅरेज, कोणी दवाखान्यात आहे. बिलाचं ॲप वापरता ना? आज घरी जाऊन त्यातून सगळी यादी बाहेर काढता येते का तेवढं बघा. आणि या मेळाव्याच्या समितीला एक विनंती. स्मरणिकेत सगळ्यांचे पत्ते आणि फोन छापायचं घाटत आहे असं ऐकलं. नावं जरूर छापा. फोन मात्र ज्याने त्याने हो म्हटल्यावरच छापा, आणि नोंदणीचा तो ऑनलाइन फॉर्म ज्याने बनवलाय त्याने काम झाल्यावर तो बंद करावा. विशेषतः आपल्या वर्गातल्या मुलींना विचारून. मुली म्हणतोय, पन्नाशीला आल्या तरी.

बाई घड्याळ दाखवतायत. तेव्हाही शेवटचं गणित राहिलं की अश्शाच दाखवायच्या. थांबतो. गाडीचं ज्यांना विचारायचं आहे त्यांनी पंगतीत माझ्या शेजारी बसा.