गवत दिलं, माती दिली नाही

(वनहक्क शिबिराच्या दुसऱ्या रात्री शेकोटीजवळ झालेलं बोलणं. ज्या पाड्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी उतरवून दिलं आहे.)



दिवसभर दाव्यांचे कागद बघून डोळे शिणले. आता भाषण नको, गोष्ट सांगा, असं तुम्हीच म्हणालात. तर सांगतो. गोष्ट खरी आहे आणि एका बापाची आहे. हा बाप आपल्या मुलखातला नव्हे. समुद्रापलीकडे कॅनडा देश आहे, तिथल्या ब्लॅकफूट आदिवासींतला. त्याला जाऊन सव्वाशे वर्षं झाली. आम्हाला तो ठाऊक झाला तिथल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाच्या एका निकालामुळे. २०२४ च्या एप्रिलात निकाल लागला. आपल्यातल्या शिकलेल्या पोरांनी तो वाचला आणि आम्हाला समजावून दिला. निकालाचं मागाहून सांगतो. आधी माणूस.

त्याचं नाव मेकाइस्तो, म्हणजे लाल कावळा. आपण घरात बापाला अरे-तुरेच करतो, तसंच त्यालाही करू. ब्लॅकफूट लोक स्वतःला निट्सिटापी म्हणवतात, खरी माणसं. त्यांच्यात तीन-चार मोठे गट आहेत, त्यातला एक काइनाई. मेकाइस्तो काइनाईंचा मुख्य. जन्म १८३० च्या आसपासचा. त्या काळी त्यांचं सगळं जगणं बायसनवर होतं. बायसन म्हणजे आपल्या गव्याच्या गोत्रातलं जनावर, पण मोकळ्या गवताळ रानात हजारोंच्या कळपाने फिरणारं. त्याचंच मांस खायचं, त्याचीच कातडी काठ्यांवर ताणून घर करायचं, कळप गेला की घर उचलून मागे जायचं.

तरुणपणी हा मोठा लढवय्या होता. शत्रूचे घोडे पळवून आणायचा. एवढ्या लढाया केल्या पण शत्रूच्या गोळीचा की बाणाचा ओरखडा अंगावर नाही, असं म्हातारपणी स्वतः सांगायचा. पण त्याचं सगळंच गोड सांगणार नाही. १८६९ नंतर पाच वर्षं त्या मुलखात दारूच्या व्यापाऱ्यांनी धुमाकूळ घातला. कातडी द्या, दारू घ्या. त्यात देवीची साथ आली. साथीत घरची मोठी माणसं गेली आणि दारूपायी मेकाइस्तोच्या स्वतःच्या घरात रक्त सांडलं. दारू पाड्याचं काय करते ते इथल्या बायांना आम्ही वेगळं सांगायला नको.

१८७४ मध्ये लाल कोटातले घोडेस्वार पोलीस आले आणि त्यांनी दारूवाल्यांना हुसकून लावलं. त्यांचा साहेब होता मॅक्लाउड. मेकाइस्तोने त्याच्यावर जीव टाकला. आम्हाला वाटतं, पुढच्या सगळ्या फसगतीचं मूळ इथे आहे. साहेब चांगला निघाला, म्हणून त्याचं सरकारही चांगलंच असेल असं हा धरून चालला. आपणही एखाद्या भल्या रेंजरच्या शब्दावर असे किती वेळा बसलो!

तीन वर्षांनी, २२ सप्टेंबर १८७७ ला, नदीकाठी मोठी सभा भरली. करार करायचा होता, राणी व्हिक्टोरियाच्या नावाने. ही तीच राणी, जी त्याच साली हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली. पुढच्याच साली, १८७८ मध्ये, तिच्याच राज्यात इथला जंगल कायदा झाला. ज्या कायद्याने आपल्या आजा-पणजांचं रान सरकारी झालं, तो हाच. म्हणून आम्ही म्हणतो की ही गोष्ट लांबची असली तरी परकी नाही.

त्या सभेत दुभाषाची पंचाईत होती. साहेबांची लांबलचक इंग्रजी भाषणं त्यांच्या बोलीत धड येईनात. काइनाई उशिरा पोचले. सिक्सिका गटाचा मुख्य क्रोफूट त्यांची वाट बघत थांबला होता. दोघांनी विचार केला आणि कागदावर नावापुढे फुल्या झाल्या. कागदात लिहिलं होतं की या लोकांनी जमिनीवरचा सगळा हक्क कायमचा सोडला. शिकारीची मुभा राहील, पण सरकार वेळोवेळी करील त्या नियमांना धरून. हा 'पण' आपल्या ओळखीचा आहे. बदल्यात पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल राखीव जमीन, सुरुवातीला माणशी बारा डॉलर आणि मग दरसाल पाच. ते पाच डॉलर आजही पाचच आहेत.

इथे एक गंमत. आपल्याकडे राखीव म्हणजे राखीव जंगल, ज्यातून माणसाला बाहेर काढतात. तिकडे राखीव म्हणजे माणसांना आत ठेवायची जमीन. शब्द एकच, दोन्हीकडे नुकसान आदिवासीचंच.

आता तेच दिवस काइनाईंच्या तोंडून ऐका. त्यांचे वडीलधारे पिढ्यान् पिढ्या सांगत आले की त्या दिवशी जमिनीचा सौदा झालाच नव्हता. समेट झाला होता. भांडण थांबवायचं, एकत्र राहायचं. आणि ते सांगतात, मेकाइस्तोने वाकून मूठभर गवत उपटलं आणि साहेबांना दाखवलं: हे तुम्हाला वापरायला देतो. मग खालची माती उचलली: ही आमची, ही देत नाही. त्या लोकांचं लिखाण नव्हतं. पण गवत आणि माती घरातल्या लहानग्यालाही कळते, आणि एकदा कळली की विसरत नाही.

दोनच वर्षांत बायसन संपला. नुसता कमी झाला नाही, संपला. लोक उपाशी मरायला लागले. सरकारने आधी काइनाईंना दुसऱ्या नदीवर, दुसऱ्या गटाच्या शेजारी पट्टी नेमून दिली होती. मेकाइस्तो म्हणाला, आम्हाला आमची बेली नदी पाहिजे. १८८० पासून तो बेलीकाठीच राहिला. जन्मभर कळपामागे फिरलेला माणूस पन्नाशीत लाकडाचं घर बांधून शेतीला लागला, पुढे गुरं पाळली. लोकांनी त्याच्याकडे बघून नांगर धरला. पण देवधर्म सोडला नाही. शेवटच्या वर्षांत तिथला सरकारी साहेब त्यांचा सूर्यनाच बंद पाडायला निघाला, तेव्हा हा म्हातारा आडवा उभा राहिला. २८ ऑगस्ट १९०० ला त्याच बेलीच्या काठी तो गेला.

तो गेल्यावर गादी कोणाकडे? मकोयी-ओपिस्तोकीकडे. नावाचा अर्थ कान कापलेला लांडगा. हा मेकाइस्तोच्या पोटचा नव्हता, पोसलेला मुलगा. पण बापाचं बोलणं त्याच्याइतकं कोणी धरलं नाही. १९०७ मध्ये साहेबाने हट्ट धरला: तुमची जमीन पडून आहे, एक तुकडा विका, पैसे मिळतील. गरिबी होती, मोह होता, काही जण विकायलाही तयार होते. मकोयी-ओपिस्तोकी घरोघरी समजावत राहिला. मतदान झालं आणि काइनाईंनी विक्री मोठ्या फरकाने फेटाळली. साहेब त्याला मुख्यपणावरून काढायला निघाला, ते जमलं नाही. १९१३ मध्ये मरताना त्याने सांगून ठेवलं की जमीन कधी विकू नका. आजूबाजूच्या कितीतरी गटांची अर्धी-अर्धी राखीव जमीन त्या वर्षांत विकून गेली. काइनाईंची राहिली. आज ती कॅनडातली सगळ्यात मोठी राखीव जमीन आहे.

मोठी आहे, पण पुरी नाही. आता कोर्टाचं ऐका. १८८२ मध्ये मोजणी झाली आणि १८८३ मध्ये दक्षिणेची हद्द वर सरकवली. हातात आली ५४७.५ चौरस मैल. म्हातारे म्हणत राहिले की आपली जमीन दोन नद्यांच्या मधे थेट डोंगरापर्यंत आहे, मोजणीत खाल्ली. कोण ऐकतो? १९८० मध्ये त्याच घराण्यातला मुख्य जिम शॉट बोथ साइड्स कोर्टात गेला. निकालाला चव्वेचाळीस वर्षं लागली. डोंगरापर्यंतचा दावा कोर्टाने मानला नाही. पण पाच माणसांमागे एक चौरस मैल हा करारातला हिशोब लावून पाहिला. साडेतीन हजारांवर माणसं होती, त्यांना ७१० चौरस मैल यायला पाहिजे होती. म्हणजे १६२.५ चौरस मैल कमी दिली, एकरात एक लाख चार हजार. कोर्टाने स्पष्ट म्हटलं की सरकारने करार मोडला आणि बेइमानीने वागलं.

आणि जमीन? ती परत द्या असं कोर्ट म्हणालं नाही. दावा सहा वर्षांच्या मुदतीत लावायला पाहिजे होता, १९७१ पर्यंत तरी तुम्हाला कळायला हवं होतं, तुम्ही १९८० ला आलात. मुदत गेली. सरकारने फसवलं हे खरं, पण तुम्ही उशिरा आलात हेही खरं! पोरांनी हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातले कोणी हसले, कोणी शिव्या दिल्या. एक आजी म्हणाली, चोर पकडला पण बैल त्याच्याच दावणीला ठेवला.

काइनाई मात्र तो निकाल कागदावर आला म्हणून खूश आहेत. आता सरकारशी बोलणी करायला त्यांच्या हातात कोर्टाचं म्हणणं आहे. आम्हाला आधी हे पटलं नव्हतं. रात्रभर वाद झाला, तेव्हा थोडं पटलं.

आता उद्याचं. वनहक्काच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे, तेरावा नियम. त्यात दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं, लिहून घेतलेलं निवेदन हा पुरावा धरला आहे. दंडाची पावती नाही म्हणून ज्यांचे दावे अडलेत त्यांनी हे ध्यानात ठेवा. उद्या न्याहारी झाली की प्रत्येक पाड्याने आपले दोन-तीन म्हातारे-म्हाताऱ्या बरोबर घ्यायच्या आणि शिवारावर जायचं. ओहोळ कुठला, थडगी कुठली, देवाचं झाड कुठलं, कोणाच्या बापाने कुठला तुकडा फोडला, हे चालत चालत विचारायचं. एकाने लिहायचं, एकाने मोबाईलवर मोजणी धरायची. म्हातारी बोलायला लागली की मधे तोडू नका. आणि पट्ट्यावर क्षेत्र कमी लागलं असेल तर त्याचं अपील आत्ताच लिहायचं, त्याला मुदत आहे. बॅटऱ्या चार्ज करून ठेवा, वीज पहाटे जाते.