माणसाची दुसरी प्रत

बोलपट पाहून घरीं परतणाऱ्या मंडळींचें बोलणें ऐकण्यासारखें असतें. नायक-नायिकेच्या पळापळीचें कौतुक ओसरलें, कीं कोणीतरी सहज बोलून जातो, ‘आपली एक प्रत कोठेंतरी राखून ठेवलेली असती, तर काय बिघडलें असतें?’ मायकेल बे याचा ‘द आयलंड’ हा अमेरिकन बोलपट २००५ मध्यें निघाला. तो पाहिल्यावर हा प्रश्न ओठांवर आल्यावांचून राहत नाहीं. आणि त्याचें उत्तरहि त्याच बोलपटांत आहे.

कथेंतील काळ २०१९ चा. म्हणजे त्या वेळचें भविष्य आतां भूतकाळांत जमा झालें आहे. एका बंदिस्त वसाहतींत शुभ्र कपडे घातलेलीं माणसें राहतात. बाहेरचें जग दूषित झालें असून एक बेट तेवढें शुद्ध उरलें आहे, असें त्यांना सांगितलेलें असतें. सोडतींत ज्याचें नांव निघेल, तो त्या बेटावर जाणार! वस्तुतः तीं माणसें म्हणजे धनिकांनीं पैसे भरून करवून घेतलेल्या स्वतःच्या प्रतिकृति होत. ज्याचें नांव निघतें, तो बेटावर जात नाहीं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो. एके दिवशीं नायक लिंकन याला एक जिवंत पाखरूं सांपडतें. बाहेर सारें विषारी असेल, तर हा जीव कोठून आला? एवढ्याशा शंकेनें त्या साऱ्या बनावाचा पाया हालतो.

शास्त्राच्या दृष्टीनें कथेंत भाबडेपणा पुष्कळ आहे. पूर्ण वाढलेला माणूस सांच्यांतून काढावा तसा येथें बाहेर पडतो आणि धन्याच्या आठवणी त्याला स्वप्नांत दिसूं लागतात. प्रत्यक्षांत काय झालें? स्कॉटलंडमध्यें एडिंबरोजवळच्या रॉझ्लिन संस्थेंत ५ जुलै १९९६ रोजीं डॉली ही मेंढी जन्मली. सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेंतील पेशीचा, केंद्र काढून घेतलेल्या अंड्याशीं संयोग घडविण्यांत आला. अशीं २७७ अंडीं सिद्ध केलीं, त्यांतून जगलें एकच कोकरूं. आणि तेंहि मेंढीच्या उदरांत वाढून कोकरूं म्हणूनच जगांत आलें. २००१ मध्यें टेक्सासांत जन्मलेल्या पहिल्या प्रतिकृति-मांजरीची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. मूळ मांजरी तिरंगी होती. हिच्या अंगावर नारिंगी रंग उतरलाच नाहीं. जेथें लवसुद्धां सारखी उतरत नाहीं, तेथें आठवणी कोठून उतरणार?

एकरूप जुळीं भावंडें म्हणजे निसर्गानेंच काढलेल्या प्रती होत. परंतु त्यांतील एकाला दुसऱ्याच्या अवयवांचें कोठार मानण्यास कोण धजेल? बोलपटाचें मर्म येथेंच आहे. प्रतिकृतींना जाणीव नसते, त्या निश्चेष्ट पडून असतात, असें गिऱ्हाइकांना सांगितलेलें असतें. तें असत्य त्यांच्या सोयीचें असतें. म्हणून तें पडताळून पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं.

ही सोय केवळ कल्पनेंतली नव्हे. अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविणारा कायदा भारतांत १९९४ मध्यें झाला. तो प्रयोगशाळेंतील प्रतींसाठीं नव्हता. कर्जापायीं मूत्रपिंड विकणाऱ्या हाडामांसाच्या माणसांसाठीं होता. त्यांना घडविण्यास कोणत्याहि शास्त्रज्ञाची गरज लागली नव्हती. दारिद्र्य तेवढें पुरेसें झालें होतें.

‘आपली एक प्रत असती तर’ असें म्हणणारा प्रत्येक जण स्वतःला मालक समजूनच बोलत असतो. आपणच ती प्रत असूं, हें त्याच्या मनांतहि येत नाहीं. परंतु चित्रपटगृहाच्या अंधारांत दोन तास त्याचें काळीज धडधडत होतें, तें मालकासाठीं नव्हे. पळणाऱ्या त्या प्रतीसाठींच. घरीं पोहोंचेपर्यंत एवढें जरी त्याच्या ध्यानांत राहिलें, तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणावयाचे.