उभा दगड आपला साक्षीदार

नागपूरजवळ जुनापाणीला दगडांची वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नॅक साहेबाने 1879 साली त्यावर लिहिलं. तो झाला इतिहास. भामरागडकडचे माडिया मेलेल्या माणसाच्या नावाने आजही दगड उभा करतात. आमच्या मसणातला तसाच दगड मात्र नुसता गोटा?

नाही. वनहक्क कायद्याचा नियम 13 सांगतो : जुन्या विहिरी, मसणवटी, देवस्थानं हा पुरावा आहे. एकाहून जास्त पुरावे लागतात. दगड एक, म्हाताऱ्यांचा लेखी जबाब दुसरा.

म्हणून तिरोडा तालुक्यातल्या गावांना आम्ही सांगतो, रानातला असा दगड उपटून बांधाला लावू नका. वनहक्क समितीला दाखवा, नकाशात घ्या. म्हातारे आहेत तोवर जबाब लिहा. आज्याने कागद नाही ठेवला, दगड ठेवला.