अमृतसरची पंगत

(गेल्या वर्षीच्या उत्सवात चौथ्या दिवशी सायंकाळी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दरवर्षी या कार्यक्रमात कोणी ना कोणी आपल्या प्रवासाची हकिगत सांगतं. युरोप झाला, अमेरिका झाली, मागच्या खेपेला काश्मीर झालं. यंदा सचिवांनी मला विचारलं, "काका, तुम्ही अलीकडे कुठे जाऊन आलात?" मी म्हटलं, "अमृतसरला." त्यांचा चेहरा जरा उतरलाच. दिल्लीकरानं अमृतसरला जाणं म्हणजे मुंबईकरानं कोल्हापूरला जाण्यासारखं. सकाळच्या शताब्दीत बसलं की दुपारच्या जेवणाला तिथे. पण कबूल करतो, १९८१ साली नोकरीसाठी दिल्लीत आलो, २०१८ साली निवृत्त झालो, आणि या सदतीस वर्षांत मी एकदाही तिथे गेलो नव्हतो. शेवटी गेलो तो पाजींच्या आग्रहामुळे.

पाजींना आपल्यापैकी बरेच जण ओळखतात. आमच्या ऑफिसातले सरदारजी. वीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती. दरवर्षी आपल्या गणपतीला येतात आणि उकडीचे मोदक मोजून पाच खातात. १९८४च्या नोव्हेंबरात या शहरात शिखांच्या वाट्याला काय आलं, हे इथल्या जुन्या मंडळींनी पाहिलेलं आहे. पाजींनी ते सोसलं, पण त्याबद्दल ऑफिसात कधी चकार शब्द काढला नाही. निघताना ते मला एवढंच म्हणाले, "दर्शन तो करोगे ही. लंगर में बैठना, और बाद में बर्तन माँजना. तब कहना कि अमृतसर हो आए."

मी हसून मान डोलावली. सौ.नी नेहमीप्रमाणे तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती. तो डबा दिल्लीला जसाच्या तसा परत आला. कसा ते सांगतो.

हे शहर वसवलं चौथे गुरू रामदास यांनी, सोळाव्या शतकात. त्यांनी सरोवर खोदवलं, आणि त्या अमृतसरोवरावरूनच गावाला नाव पडलं. सरोवराच्या मध्यभागी हरिमंदिर बांधवून घेतलं पाचवे गुरू अर्जनदेव यांनी. आपण ज्याला सुवर्णमंदिर म्हणतो ते हेच. सोन्याचा पत्रा चढला तो नंतर, एकोणिसाव्या शतकात, महाराजा रणजितसिंगांच्या काळात. सोनं डोळ्यांत भरतंच, पण मला तिथल्या दोन गोष्टी जास्त जाणवल्या. आपली देवळं बहुधा उंचावर, पायऱ्या चढून जायचं. इथे पायऱ्या उतरून खाली जायचं. आणि हरिमंदिराला दारं चार, चारी दिशांना. कोणीही कुठूनही यावं, असा त्याचा अर्थ सांगतात.

आम्ही जोडाघरात चपला दिल्या. चांगल्या घरचे दिसणारे गृहस्थ दोन्ही हातांनी चपला घेत होते. मी ओशाळून म्हटलं, "रहने दीजिए, मैं रख देता हूँ." ते म्हणाले, "यही तो सेवा है जी." डोक्याला रुमाल बांधला, पाय धुतले आणि आत गेलो. दर्शनाच्या रांगेत दीड-दोन तास उभे होतो, पण कीर्तन सतत कानावर पडत असल्यामुळे कंटाळा आला नाही. शेजारच्या एका वृद्ध सेवादारांनी विचारलं, "कहाँ से?" म्हटलं, "रहते दिल्ली में हैं, पर हैं महाराष्ट्र के." त्यांनी लगेच हात जोडले. "भगत नामदेवजी के देस से!"

मंडळी, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. आपल्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं. गुरू अर्जनदेवांनी हा ग्रंथ सिद्ध केला आणि १६०४ साली हरिमंदिरात त्याची स्थापना झाली. आजही रोज रात्री तो ग्रंथ पालखीतून अकाल तख्ताकडे नेतात आणि पहाटे पुन्हा वाजतगाजत आणतात. पालखीला खांदा द्यायला माणसांची झुंबड असते. १९८४च्या जूनमध्ये लष्करी कारवाईत त्या अकाल तख्ताची फार मोठी हानी झाली होती. आज दिसते ती नंतर उभारलेली वास्तू. नामदेवांना कीर्तन करताना देवळातून उठवलं आणि मग देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही औंढ्या नागनाथाची कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. तो प्रसंग त्या ६१ पदांपैकी एकात आला आहे. म्हणजे ज्या शिंप्याला दारातून बाहेर काढलं, त्याचे शब्द तिथे रोज पालखीत बसतात! गुरदासपूर जिल्ह्यात घुमान इथे नामदेवांनी बराच काळ वास्तव्य केलं असं मानतात. २०१५ साली आपलं ८८वं साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. तेव्हाही मी दिल्लीत बसून बातम्या वाचल्या, बस्स.

आता लंगरकडे येतो. रोज पन्नास हजारांवर माणसं तिथे जेवतात, सणावारी हा आकडा लाखावर जातो. दारात थाळी, वाटी, चमचा हातात येतो. नाव नाही, गाव नाही, पावती नाही. सतरंजीवर ओळीनं बसायचं. माझ्या डावीकडे हातभर लाल चुडा भरलेली नवी नवरी आणि तिचा नवरा, उजवीकडे एक शेतमजूर. त्याच्या टाचांच्या भेगा मला दिसत होत्या. डाळ आली, भाजी आली, खीर आली. रोटीवाला आला तशी मी सवयीनं थाळी पुढे केली. तो थांबून राहिला. शेजारच्या मजुरानं मला कोपरानं हलकेच खुणावलं आणि स्वतःचे दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे करून दाखवले. रोटी दोन्ही हातांत घ्यायची असते. मंडळी, मी सरकारी अधिकारी होतो. आयुष्यभर सही करून दुसऱ्याला मंजुरी दिली. अन्नासाठी हात पसरायची वेळ कधी आली नव्हती. ते हात पुढे करायला मला खरोखर दोन-तीन सेकंद लागले.

आणि त्याच वेळी मला आपला महाप्रसाद आठवला.

जुन्या सभासदांना माहीत आहे, नव्यांना सांगतो. आपल्या महाप्रसादाला कूपन लावण्याची कल्पना माझी. २००४ साली मी खजिनदार होतो. त्या आधीच्या वर्षी अन्न कमी पडलं होतं, आचारी चिडला होता, हिशेबात तूट आली होती. मी ठराव मांडला: वर्गणीदारांना कूपन, मोठ्या देणगीदारांना वेगळ्या रंगाचं कूपन आणि वेगळी टेबलं. ठराव एकमतानं मंजूर झाला. पुढच्या वर्षी दारावर मीच उभा होतो. आपल्या वसाहतीतल्या इस्त्रीवाल्याची दोन मुलं आली. मी कूपन मागितलं. मोठा म्हणाला, "अंकल, सुबह कुर्सियाँ हमने लगाई थीं." मी म्हटलं, "बाद में आना." ती मुलं नंतर आली तेव्हा भात संपला होता. मी त्यांना दोन केळी दिली आणि हिशेब बरोबर जुळल्याच्या आनंदात घरी गेलो.

सोळा-सतरा वर्षं हा प्रसंग मी विसरलो होतो. अमृतसरच्या त्या सतरंजीवर हातात गरम रोटी असताना तो आठवला, आणि घास गिळवेना.

जेवणानंतर पाजींचं ऐकून भांडी घासायला गेलो. लांबच लांब हौद, दोन्ही बाजूंना माणसं, आणि थाळ्यांचा असा खणखणाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. माझ्या शेजारी बाह्या वर सारलेले एक गृहस्थ होते. लुधियान्यात त्यांचा स्वेटरचा कारखाना होता. घरी कधी भांडी घासता का, असं विचारलं तर म्हणाले, "घर में तो पानी भी बैठे-बैठे माँगता हूँ." तिकडे सौ. रोट्या लाटायला बसल्या होत्या. त्यांची पातळ पोळी पाहून तिथल्या बायका खूप हसल्या, पण ती भाजली आणि पंगतीत वाढलीसुद्धा. तीन दिवस आम्ही लंगरमध्येच जेवलो. पुऱ्यांचा डबा उघडलाच नाही.

परत निघण्याआधी जालियनवाला बागेत गेलो. हरिमंदिरापासून चालत काही मिनिटांवर आहे. आत जायची ती अरुंद गल्ली. १३ एप्रिल १९१९, बैसाखीचा दिवस. जनरल डायरनं शिपाई उभे केले ते याच वाटेच्या तोंडाशी. सुमारे दहा मिनिटांत १६५० फैरी झाल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसं मेली, आणि खरी संख्या त्याहून मोठी असल्याचं सगळेच मानतात. एकाच गावात इतक्या जवळ, एक जागा चारी दारं उघडी ठेवणारी आणि एक जागा वाट अडवलेली. मी कोणाची तुलना कोणाशी करत नाही. पण दार अडवून उभं राहणं म्हणजे काय, याचा विचार त्या गल्लीत माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

आता कोणी म्हणेल, काका, त्यांचं एवढं मोठं संस्थान, आपलं चारशे पानांचं जेवण! अगदी बरोबर. लंगर हवेवर चालत नाही. कमाईचा दहावा हिस्सा धर्मकार्याला द्यावा, या दसवंधाच्या रीतीवर आणि हजारोंच्या अंगमेहनतीवर तो चालतो. देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या तिथेही भिंतीवर आहेत. पण जेवणाच्या दारात त्या कोणी वाचून दाखवत नाही.

म्हणून ज्यानं कूपन आणलं, त्याचीच कार्यकारिणीला विनंती आहे. वर्गणी आधी घ्यावी, जोरात घ्यावी. आचाऱ्याला अंदाज हवा असतो, तर वर्गणीदारांच्या संख्येवर पन्नास पानं जास्त सांगावीत. दारावर मात्र कोणाला काही विचारू नये. वेगळी टेबलं काढून टाकावीत. पहिल्या वर्षी तूट आली तर ती मी भरीन, हे इथे सर्वांसमक्ष सांगतो. आणि भांड्यांसाठी माणसं लावू नयेत. ते काम मी घेतो. सोबत चार जण मिळाले तर बरं, नाही मिळाले तर पाजी येणार आहेतच.

इस्त्रीवाल्याचा तो मोठा मुलगा आता बापाच्या जागी उभा राहतो. माझे कपडे त्याच्याचकडे जातात. परवा मी त्याला म्हटलं, "या वर्षी महाप्रसादाला ये." त्यानं विचारलं, "कूपन कहाँ मिलेगा, अंकल?"

त्याला काय उत्तर द्यायचं ते आता तुम्ही ठरवा.

गणपती बाप्पा मोरया!